शाळेची वाट मोकळी करा

दरवर्षी जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि गावोगावच्या पारावर दोन विषय हमखास निघतात. एक पावसाचा आणि दुसरा पोरांच्या शाळेचा. पूर्वी शाळेचा विषय म्हणजे मास्तर कसे आहेत, पुस्तकं मिळाली का, गणवेश कधी येणार एवढ्यावर संपायचा. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न शिरला आहे. पोरगं शाळेत जाणार कशानं? व्हॅन लावायची, रिक्षा लावायची, की बापानं रोज फटफटीवर सोडायचं? पायी जाईल किंवा सायकलवर जाईल हे उत्तर आता फारसं कोणी देत नाही. दिलंच तर चार माणसं त्याच्याकडे बघतात, जणू त्याला आपल्या लेकराची काळजीच नाही.

कामानिमित्त बांधावर फिरताना सकाळी दहाच्या सुमारास रस्त्यावर जे दिसतं ते विचार करायला लावणारं आहे. पाण्याची पाळी सोडून, पंप बंद करून शेतकरी पोराला शाळेत सोडायला निघालेला असतो. अंतर विचारलं तर म्हणतो, “हाय की दीड-दोन किलोमीटर.” ज्या अंतरावर त्याचे वडील बैल घेऊन दिवसातून चार खेपा करायचे, त्याच अंतरासाठी आज गाडीला किक मारावी लागते. पोरं आळशी झाली असं म्हणून हा विषय झटकून टाकणं सोपं आहे. परंतु दोष पोरांचा नाही. वाट बिघडली आहे, आणि ती बिघडवण्यात आपल्या सर्वांचा थोडाथोडा हात आहे.

कायद्यातले अंतर आणि वस्तीवरचे अंतर

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखालील महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरले. माध्यमिक शाळा पाच किलोमीटरच्या टप्प्यात असावी हे उद्दिष्ट २००९ च्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने ठेवले होते. ही अंतरे उगाच ठरवलेली नाहीत. लहान पोर एक किलोमीटर पंधरा-वीस मिनिटांत चालते. मोठे पोर तीन किलोमीटर सायकलने पंधरा मिनिटांत कापते. म्हणजे मूल स्वतःच्या पायाने शाळेत पोचेल हेच या नियमांच्या मुळाशी आहे.

आपल्या जिल्ह्याचा प्रश्न मात्र थोडा वेगळा आहे. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, आणि एका टोकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. अकोल्याच्या घाटघरला पाऊस झोडपतो, तर कर्जत-जामखेडला ढगाकडे बघत बसावे लागते. उत्तरेत कॅनॉलचे पाणी आले, ऊस आला, आणि माणसे गावठाण सोडून आपापल्या रानात राहायला गेली. दक्षिणेतही विहिरीच्या कडेला घर बांधून राहण्याची रीत आहे. त्यामुळे एका गावाला दहा-दहा, पंधरा-पंधरा वस्त्या. शाळा गावात आणि पोरं रानात. नकाशावर अंतर दोन किलोमीटर दिसते, पण त्या दोन किलोमीटरमध्ये एक ओढा, काळ्या रानातला चिखल, दोन्ही बाजूंनी उभा ऊस आणि शेवटी डांबरी रस्ता ओलांडायचा असतो. आई-बापाच्या मनात अंतर मोजले जाते ते या अडचणींनी, किलोमीटरने नव्हे.

पदरचा हिशेब

शेतकऱ्याला पिकाचा खर्च काढायला आपण सांगतो. तसाच या फटफटीचा खर्च काढून बघू. समजा शाळा तीन किलोमीटरवर आहे. सकाळी सोडायला जाणे-येणे सहा किलोमीटर, संध्याकाळी आणायला सहा, असे दिवसाचे बारा किलोमीटर झाले. वर्षाचे शाळेचे दिवस २२० धरले तर २,६४० किलोमीटर. गाडी लिटरला ५० किलोमीटर चालते असे धरले तर जवळपास ५३ लिटर पेट्रोल. लिटरला १०४ रुपये भाव धरला तर साडेपाच हजार रुपये फक्त पेट्रोलचे. ऑईल, टायर, दुरुस्ती वेगळी.

पैशापेक्षा वेळेचा हिशेब मोठा आहे. सोडणे, थांबणे, आणणे यात दिवसाची पाऊण तास मोडते. २२० दिवसांचे १६५ तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला तर वर्षाचे वीस दिवस माणूस फक्त शाळेच्या फेऱ्या मारतो. खुरपणीला माणूस मिळत नाही, काढणीला मजूर मिळत नाही अशी ओरड आपण करतो. मग घरच्या माणसाचे हे वीस दिवस कुठे धरायचे? साध्या सायकलला पाच-सात हजार रुपये लागतात आणि ती नीट वापरली तर पाच वर्षे टिकते. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा भारही हलका झाला आहे. एका वर्षाच्या पेट्रोलमध्ये सायकल येते, हा साधा हिशेब आहे.

तब्येतीचाही विचार हवा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी एक तास घाम निघेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेतकऱ्याच्या पोराला व्यायामाची काय गरज, असे कोणी म्हणेल. पण आज शेतकऱ्याचे पोर तरी रानात किती जाते? शाळा, शिकवणी आणि मोबाईल यातच त्याचा दिवस जातो. शाळेची वाट ही त्याच्या वाट्याला उरलेली शेवटची हालचाल होती. तीही आपण गाडीवर बसवून काढून घेतली.

पट घटतो आणि शाळा लांब जाते

या गोष्टीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे, आणि ग्रामपंचायत सदस्यांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. एकदा का पोराने गाडीनेच जायचे ठरले की मग अंतराला किंमत राहत नाही. गाडी एक किलोमीटरला येते तशी आठ किलोमीटरलाही येते. मग जवळची जिल्हा परिषदेची शाळा सोडून तालुक्याच्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेत नाव घातले जाते. दारात पिवळी गाडी येते, टाय-बूट घालून पोर चढते, चार लोकांत बरे दिसते. आपल्या लेकराला चांगले शिक्षण मिळावे ही इच्छा वाईट नाही, आणि कोणी कुठल्या शाळेत घालावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण परिणाम काय होतो ते पाहू.

वस्तीवरच्या शाळेचा पट तीसवरून वीसवर येतो, वीसवरून बारावर. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा १४ हजारांवर होत्या आणि त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुले शिकत होती. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ येथील समूह शाळांचे उदाहरण त्या वेळी पुढे ठेवले गेले. शिक्षक संघटना आणि पालकांनी विरोध केला, शाळा बंद करण्याचा हेतू नाही असे शासनाने सांगितले, आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. दहा-बारा पोरांत खेळाची टीम होत नाही, एकाच गुरुजींना चार वर्ग सांभाळावे लागतात, या समूह शाळेच्या बाजूच्या मुद्द्यांतही तथ्य आहे. परंतु समूह शाळा म्हणजे पोराला रोज गाडी लागणार हे उघड आहे. आणि गाडी बंद पडली, डिझेलचे बिल थकले, पावसात रस्ता तुटला, तर त्या दिवशी शाळा बंद.

म्हणजे हे चक्र असे फिरते. वाट धोक्याची म्हणून गाडी, गाडी आली म्हणून लांबची शाळा, लांबच्या शाळेमुळे जवळच्या शाळेचा पट कमी, पट कमी म्हणून शाळा आणखी लांब. ज्यांच्याकडे गाडी नाही, ज्यांचे आई-बाप ऊसतोडीला गेले आहेत आणि पोर आजी-आजोबांपाशी आहे, त्या घरांचे हाल यात सर्वांत जास्त होतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. तिथे पायी जाण्याजोगी शाळा राहिली तरच पोर शाळेत राहते.

भीती खोटी नाही

“तुम्ही सांगता पायी पाठवा, पण उद्या काही झालं तर?” हा प्रश्न आई विचारते तेव्हा तिला भित्री म्हणून चालणार नाही. तिची भीती खरी आहे.

पहिली भीती वाहनांची. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत पायी चालणारे ३२ हजार ८२५ होते, म्हणजे जवळजवळ दर पाच मृतांमागे एक. अठरा वर्षांखालची मुले ९ हजार ५२८ होती, म्हणजे रोज सव्वीस. नगर-मनमाड, पुणे-नाशिक, कल्याण-विशाखापट्टणम यांसारखे महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातात. गाव एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या अंगाला, अशी गावे यांच्या कडेला कितीतरी सापडतील. त्यात गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही, वाढे दोन्ही बाजूंना लोंबतात, आणि टेपचा आवाज एवढा की मागून-पुढून कोण ओरडतो ते चालकाला ऐकू येत नाही. शाळा आणि गाळप दोन्ही नेमके एकाच हंगामात जोरात असतात.

दुसरी भीती बिबट्याची. उसाच्या पट्ट्यात बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही, तो रहिवासी झाला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोपरगाव आणि नगर तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. ऊसतोड सुरू झाली की त्याचा आसरा मोडतो आणि तो जागा बदलत फिरतो. त्यामुळे हिवाळ्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला धोका वाढतो. तिसरी भीती पाण्याची. अकोल्याच्या डोंगरी भागात पावसाळ्यात ओढा चढला की पलीकडची शाळा चार-चार दिवस तुटते. चौथी भीती मोठ्या मुलींच्या घरची. निर्जन रस्ता, टवाळ पोरं, आणि त्यावर आई-बापाने काढलेला सोपा इलाज म्हणजे मुलीची शाळाच सोडवणे.

या चारही गोष्टी खऱ्या आहेत. तथापि त्यांचे उत्तर प्रत्येकाने आपापली गाडी काढणे हे नव्हे. पन्नास पालक पन्नास गाड्या घेऊन शाळेच्या दारात आले तर जे दहा पोर पायी येतात त्यांचाच जीव धोक्यात येतो. शाळा सुटताना फाटकासमोर काय गर्दी होते ते कोणीही जाऊन बघावे.

सायकलने काय होऊ शकते

बिहार राज्याचे उदाहरण या बाबतीत शिकण्यासारखे आहे. त्या सरकारने २००६ साली नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. सुरुवातीला ही रक्कम दोन हजार रुपये होती. लोक हसले. पण कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा बारकाईने अभ्यास केला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. योजनेमुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या त्या वयाच्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुला-मुलींमधली तफावत सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली, असे त्यांना आढळले. सर्वांत जास्त फायदा कोणत्या गावांना झाला? जिथून हायस्कूल तीन किलोमीटरपेक्षा लांब होते त्या गावांना. शिवाय मुली एकेकट्या न जाता घोळक्याने सायकलवर जाऊ लागल्या, त्यामुळे वाटेची भीतीही कमी झाली. एकट्या मुलीला अडवणारा दहा सायकलींना अडवत नाही.

परदेशातही हे आपोआप झालेले नाही. नेदरलँड हा आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. पण १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे मेली होती आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आई-बाप रस्त्यावर उतरले, आंदोलने केली, आणि त्यानंतर तिथे सायकलींसाठी वेगळे रस्ते होत गेले. जपानमध्ये प्राथमिक शाळेची मुले शेजार-पाजारच्या गटाने, मोठ्या मुलाच्या मागे रांगेने पायी शाळेत जातात आणि नाक्या-नाक्यावर गावातली माणसे उभी राहतात. यात पैसा फारसा लागत नाही, शिस्त लागते.

आपल्याकडे काय आहे

आपल्या राज्यातही योजना नाहीत असे नाही. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान दिले जाते. ही रक्कम २०२२ साली साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. याखेरीज जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण आणि समाजकल्याण विभागांकडून सेसच्या पैशातून मुलींना सायकली देण्याची पद्धत अनेक जिल्ह्यांत चालत आली आहे. त्या-त्या वर्षी कोणती योजना चालू आहे आणि अर्जाची मुदत कधी आहे, हे पंचायत समितीत वेळेवर विचारले पाहिजे. मुदत संपल्यावर कळते आणि मग साहेबांच्या नावाने बोटे मोडली जातात, असे नेहमीच होते.

ज्यांची शाळा पाच-सात किलोमीटरच्या पुढे आहे त्यांच्यासाठी एस.टी. हाच खरा आधार. अहिल्यादेवी होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे आणि मुलांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत आहे. २०२४ पासून पास शाळेतच देण्याची सोय झाली. पण एस.टी. फाट्यावर थांबते. वस्तीपासून फाट्यापर्यंतचे दीड किलोमीटर पायी किंवा सायकलनेच जायचे असते. म्हणून वाट नीट करण्याचा प्रश्न एस.टी.ने जाणाऱ्यालाही सुटत नाही.

शिवारफेरी शाळेच्या वाटेची

पाणलोटाचे काम करताना आपण काय करतो? माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालत जातो, कुठे घळ आहे, कुठे माती वाहते ते नकाशावर मांडतो, आणि मग उपचार ठरवतो. जलयुक्त शिवारच्या वेळी २०१५ पासून गावोगाव अशा शिवारफेऱ्या झाल्या. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार ही आपल्याच जिल्ह्यातली गावे श्रमदानातून उभी राहिली हे जगाला माहीत आहे. तीच रीत शाळेच्या वाटेला लावावी. शाळा व्यवस्थापन समिती, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक आणि चार मोठी पोरं यांनी एक दिवस शाळा सुटल्यावर प्रत्येक वस्तीपर्यंत पायी चालत जावे. पोरांनाच विचारावे, भीती कुठे वाटते? ती बरोबर जागा दाखवतात. त्यानंतर खालील कामे ठरवता येतील.

१. पाणंद मोकळी करणे. अनेक ठिकाणी जुनी पाणंद बांध कोरून कोरून पायवाटेएवढी राहिली आहे. यात दोष कोणा एकाचा नाही, दोन्ही बाजूंचे बांधकरी दरवर्षी वीत-वीत आत सरकले आहेत. अडवलेला रस्ता मोकळा करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ आहे आणि बांधावरून रस्ता देण्यासाठी महसूल संहितेचे कलम १४३ आहे. शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्कात’ घ्यावी, असा निर्णय मे २०२५ मध्ये महसूल विभागाने केला. परंतु तहसीलला जाण्याआधी एकदा पारावर बसून बघावे. “माल जायला रस्ता द्या” म्हटले की भांडण होते. “पोरांना शाळेत जायला द्या” म्हटले तर नाही म्हणणारा माणूस विरळा.

२. चालण्यापुरता पट्टा पक्का करणे. पूर्ण रस्त्याचे डांबर येईल तेव्हा येईल. काळ्या रानात पावसाळ्यात सायकलच्या चाकात चिखल बसतो आणि चाकच फिरत नाही. एका कडेने तीन-चार फूट मुरूम टाकून दाबला, पाण्याला चर काढून दिला, तर पोरांची सोय होते. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेने रोजगार हमीची जोड दिली होती. सध्या हे काम कोणत्या योजनेत बसते ते पंचायत समितीतून समजून घेऊन गाव विकास आराखड्यात नाव घालावे. ओढ्यावर साकव हवा असेल तर त्याची मागणीही याच ठरावात करावी.

३. उसाचा पट्टा मागे घेणे. हे काम केवळ शेतकऱ्याच्या हातात आहे. शाळेच्या वाटेला लागून ऊस लावताना कडेचे सात-आठ फूट सोडून लागण करावी आणि त्या पट्ट्यात घास, हरभरा, भुईमूग, कांदा असे बुटके पीक घ्यावे. रान वाया जात नाही, जनावराला चारा होतो, आणि पोरांना समोरचे दूरवर दिसते. बिबट्याला दडायला वाटेच्या कडेला जागा राहत नाही. बांधावरची वेडी बाभूळ आणि घाणेरीही याच वेळी काढावी.

४. एकट्याने जायचे नाही. वस्तीनुसार पोरांचे गट करावेत, पुढे एक मोठे पोर आणि मागे एक. पहिली-दुसरीच्या पोरांबरोबर एक मोठे माणूस असावे. आठ घरांनी पाळी लावली तर एका घराला आठ दिवसांतून एकदा जावे लागेल. बिबट्याच्या भागात मोठ्याने बोलत जावे, वाटेत खाली वाकून बसू नये, आणि सूर्य वर आल्यावर निघून उजेड असतानाच घरी पोचावे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला, त्याचा इथे उपयोग होतो. बिबट्या दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

५. कारखान्याशी बोलणे. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास गावठाणातून उसाच्या ट्रॉल्या सावकाश काढाव्यात, प्रत्येक ट्रॉलीला मागून रिफ्लेक्टर असावा आणि टेप बंद असावा, असे पत्र ग्रामपंचायतीने कारखान्याच्या शेतकी विभागाला द्यावे. आपण सभासद आहोत, ऊस आपला आहे आणि पोरंही आपलीच आहेत. शाळेजवळच्या रस्त्यावर गतिरोधक आणि पट्टे यांची मागणी बांधकाम विभागाकडे लेखी करावी. तोंडी मागणीला कागदावर किंमत नसते.

६. सायकलींची सोय. दहावी झालेल्या मुलांच्या सायकली धूळ खात पडतात. त्या शाळेने गोळा करून दुरुस्त कराव्यात आणि गरजू पोरांना वर्षभर वापरायला द्याव्यात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून दुरुस्तीचा खर्च आणि शाळेत पत्र्याची एक शेड सहज होते. सायकल घेताना मोठी घेतली तर पुढे उपयोगी पडेल, असा विचार करू नये. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. ब्रेक, मागचा रिफ्लेक्टर आणि घंटी या तीन वस्तू चालू असल्याच पाहिजेत. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असे २०२० चे दप्तर धोरण सांगते. पाठीवर ओझे असेल तर ना चालवत ना सायकल सावरत.

फटफटीचा मोह आवरा

एक इशारा देणे गरजेचे आहे. आठवी-नववीतली पोरं बापाची मोटारसायकल घेऊन शाळेत जाताना सर्रास दिसतात. एकावर तिघे. पोरगं हुशार झालं म्हणून घरचेही कौतुक करतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. अपघात झाला तर विम्याचा घोळ वेगळाच. सायकलच्या वयात सायकलच द्यावी. ज्या पोराला सायकलवरून रस्ता कळला, तोच पुढे गाडीही नीट चालवतो.

व्हॅन किंवा रिक्षा लावलीच असेल तर तिच्यात किती पोरं कोंबली आहेत ते एकदा स्वतः मोजावे. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असावी लागते. तिची बैठक कधी झाली, हे विचारण्याचा पालकांना हक्क आहे.

शेवटी, सगळ्यांनी सगळीकडे पायी जावे असा हट्ट नाही. आठ किलोमीटरवरच्या पोराने चालत यावे असे कोणी म्हणणार नाही, आणि महामार्ग ओलांडून एकट्या पोराला पाठवा असेही नाही. पण गावातल्या गावात, एक ते तीन किलोमीटरच्या टप्प्यातली जी पोरं आज गाडीवर जातात, त्यांच्यापुरता हा प्रश्न गावच सोडवू शकते. त्यासाठी मुंबईला निवेदन द्यावे लागत नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत झेंडावंदन झाले की निम्मी माणसे घरी जातात. यंदा त्यांना थांबवावे. विषयपत्रिकेवर ‘शाळेच्या वाटा’ असा एक विषय लिहून घ्यावा, वस्तीनुसार वाटांची यादी वाचावी, आणि प्रत्येक वाटेपुढे काय करायचे, कोणी करायचे आणि कधीपर्यंत, हे प्रोसिडिंगला नोंदवावे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तीच यादी पुन्हा वाचावी. मधल्या पाच महिन्यांत एक पाणंद जरी मोकळी झाली तरी त्या वस्तीची पोरं दुसऱ्या दिवसापासून तिच्यावरून चालू लागतील.